पाहुण्याचं क्रियापद

एका चिठ्ठीपाशी मी नऊ दिवस अडून बसले होते. चिठ्ठी शेरलॉक होम्सला आलेली. जुलै १८९१च्या ‘स्ट्रँड’ मासिकात आलेली ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ ही होम्सची पहिली लघुकथा. तिच्या सुरुवातीलाच जाड गुलाबी कागदावरचा हा निनावी मजकूर येतो. होम्स कागद उजेडात धरतो, कागदाच्या पोटात उमटलेली अक्षरं वाचतो आणि खुर्चीतल्या खुर्चीत बोहेमियाला पोचतो. मग मजकुरातल्या एका वाक्यावर बोट ठेवून सांगतो की लिहिणारा जर्मन आहे. कारण काय, तर त्याने क्रियापद पार वाक्याच्या टोकाला ढकललंय. क्रियापदाशी असं उर्मटपणे फ्रेंच किंवा रशियन माणूस वागणार नाही म्हणे.

आता मी काय करू? मराठीत आपण सगळेच जर्मन. वाक्य नीट भाषांतरित केलं की क्रियापद आपल्या पायांनी शेवटी जाऊन बसतं, आणि होम्सच्या हातातला पुरावा नाहीसा होतो.

डॉइल, चेस्टरटन, फ्रीमन, बॅरोनेस ऑर्क्झी अशा जुन्या ब्रिटिश लेखकांच्या बारा रहस्यकथा मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं तेव्हा वाटलं होतं की कष्ट पडतील ते बग्गी, फायरप्लेस आणि लंडनच्या धुक्यात. (अगाथा ख्रिस्तीबाई नाहीत. त्या १९७६ साली गेल्या, आपल्याकडे स्वामित्वहक्क मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, आणि प्रकाशकांचं बजेट मला ठाऊक आहे.) बग्गीने काही त्रास दिला नाही. त्रास दिला तो व्याकरणाने. रहस्यकथेचा लेखक मोजूनमापून माहिती दडवतो, आणि आपली भाषा चहाडखोर. इंग्रजीत ‘मित्र आला’ की ‘मैत्रीण आली’ हे पानभर झाकून ठेवता येतं. मराठीत दार उघडलं की क्रियापद आधी सांगून मोकळं होतं. ‘कुणीतरी आत आलं’ इथपर्यंत निभतं. पण त्या कुणीतरीने पुढच्या वाक्यात टोपी काढली की ‘त्याने’ की ‘तिने’ हे ठरवावंच लागतं. मग मी ‘व्यक्ती’ या शब्दाच्या पदराआड लपते. पुरुष असो की बाई, व्यक्ती ही ती व्यक्तीच. मात्र तीनदा वापरला की उतारा पंचनाम्यासारखा वाचला जातो, आणि चाणाक्ष वाचक लगेच ओळखतो की बाई काहीतरी लपवताहेत.

नात्यांचंही तेच. ‘आँट’ म्हणजे आत्या, मावशी, काकू की मामी? मृत्युपत्राच्या कथेत एवढ्या एका शब्दावर इस्टेट कुठल्या बाजूला जाणार ते कळतं. त्यामुळे मी कथा आधी शेवटापासून वाचते, नात्यांचा तक्ता मांडते, आणि मगच पहिलं वाक्य लिहिते.

‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेने वेगळाच चकवा दिला. ही म्हणे सोपी कथा. रात्री न भुंकलेला कुत्रा तिच्यातला, तो मराठीतही तितकाच शांत राहतो. अडचण आली जेवणाची. डार्टमूरच्या माळावरच्या तबेल्यात पहारा करणाऱ्या पोऱ्याला मटणातून अफूची पूड दिली जाते. अफूची चव लपायची नाही. लपली, कारण मटण करीचं होतं. आणि बरोबर त्याच रात्री करी शिजावी हे रस्त्याने आलेल्या परक्या माणसाच्या हातात नव्हतं. म्हणून संशय घराच्या आत वळतो. पहिल्या खर्ड्यात मी हौसेने ‘मटणाचा रस्सा’ लिहिलं. माझ्या भाचीने वाचून विचारलं, “मग ते एरवी काय खायचे?” तिचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे मसाला न घातलेलं मटण ही बातमी होईल. त्या माळावर मसालेदार जेवण हीच बातमी होती. रस्सा म्हटल्याबरोबर ते रोजचं जेवण झालं आणि पुरावा त्यात विरघळला. मी ‘करी’ परत आणली आणि मोलकरणीच्या वाक्यात ‘आज’ हा शब्द जरा ठळक बसवला. मूळ लेखकाने तो तिथे ठेवला नव्हता. चोरी म्हणायची तर म्हणा.

‘द स्पेकल्ड बँड’मध्ये मात्र मी हरले. मरणारी मुलगी ठिपकेदार ‘बँड’ म्हणते. बँड म्हणजे टोळीही आणि पट्टाही. बागेत जिप्सींची टोळी उतरलेली असते, डोक्याला ठिपक्यांचे रुमाल बांधलेली. वाचक तिच्या मागे लागतो. मराठीत टोळी आणि पट्टा एका शब्दात मावत नाहीत. फळी, साखळी, जथा, सगळे घालून पाहिले. ‘पट्टा’ म्हणावं तर आपल्याकडे पट्टेरी मण्यार शाळकरी पोरांनाही माहीत, खेळ तिथेच संपला. शेवटी ‘बँड’ तसाच ठेवला, आणि लग्नाच्या वरातीचा बँड आठवून कुणी हसलं तर हसो असं म्हटलं. तसाही तो ‘बँड’, म्हणजे कथेतला साप, हिंदुस्थानातून नेलेला, दूध पिणारा आणि शिट्टी वाजली की परतणारा. कोकणातल्या कुणाही म्हाताऱ्याने डॉइलसाहेबांची दोन मिनिटांत उलटतपासणी घेतली असती.

चेस्टरटनची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ मात्र जणू आपल्याच वाड्यात घडलेली. इमारतीत कुणी गेलं नाही असं चौघं शपथेवर सांगतात, आणि पोस्टमन त्यांच्या समोरून आत जाऊन बाहेर आलेला असतो. चौघंही खोटं बोलत नाहीत. ‘दुपारी घरी कुणी आलं होतं का?’ याला ‘कुणी नाही’ म्हणताना भांडीवाल्या बाई आपण तरी कुठे धरतो? या कथेचं भाषांतर मी तीन दिवसांत संपवलं, आणि संपवल्यावर त्यातलं ‘कुणी नाही’ बरेच दिवस माझ्या घरात ऐकू येत राहिलं. फ्रीमनची गोष्ट आणखी सोपी: ‘द सिंगिंग बोन’ या १९१२च्या संग्रहात तो बहुतेक कथांत खुनी आधीच दाखवतो. लपवायचं काही नाही म्हटल्यावर माझं व्याकरण एकदम सुटीवर.

राहिली ती चिठ्ठी. तळटीप द्यायची नाही हे नक्की होतं. विनोद समजावून सांगावा तशी ती दिसते. दहाव्या दिवशी मी क्रियापद उचलून वाक्याच्या मधोमध आणलं आणि कर्म शेवटी लोंबकळत सोडलं. मराठी कानाला तो खडा लागतो, आणि होम्स म्हणतो तो उर्मटपणा तर घडतोच. जर्मन जाणणारा म्हणेल, बाई, जर्मनाचं क्रियापद शेवटी जातं, म्हणजे तो मराठी बिनचूक लिहील! म्हणू दे. त्याच्यासाठी मूळ पुस्तक आहे.

पहिली प्रुफं आली तेव्हा वाक्य सरळ झालेलं. क्रियापद शेवटी, पूर्णविरामाच्या कुशीत. खालच्या परिच्छेदात होम्स नसलेल्या चुकीवरून जर्मन माणूस शोधत होता. मी समासात लिहिलं, ‘चूक राहू द्यावी.’ दुसऱ्या प्रुफात वाक्य पुन्हा सरळ. मुद्रितशोधक जुन्या वळणाचे, चाळीस वर्षं लोकांची वाक्यं सरळ करत आलेले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

“ताई, ही चूक तुमची की त्या चिठ्ठीवाल्याची?”

“चिठ्ठीवाल्याची.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. “तसं आधी सांगायचं.”