आजीचं धुपाटणं

चि. मैत्रेयीस,

धुपाटणं तोक्योपर्यंत धडधाकट पोचलं हे वाचून बरं वाटलं. आतल्या वाटीवरचं तीन पायांचं कडं कसलं, आणि त्यावरची ती मळकट काचेची चकती टाकून दिली तर चालेल का, असं तू विचारतेस. अजिबात टाकू नकोस. धुपाटणी बाजारात हवी तेवढी मिळतात, या धुपाटण्याची करामत त्या चकतीत आहे. ती काच नव्हे, अभ्रक आहे, आणि तुझ्या आजोबांनी ते जळक्या इस्त्रीतून काढलेलं आहे.

आजोबांना दमा होता आणि आजीचा दिवेलागणीचा धूप कधी चुकत नसे. बंबातले निखारे चिमट्याने उचलून धुपाटण्यात घालायची, वर मूठभर ऊद आणि राळ टाकायची आणि देव्हाऱ्यापासून माळ्याच्या शिडीखालपर्यंत सगळीकडे फिरायची. पावसाळ्यात दमट कपड्यांच्या वासावर तोच उपाय होता. ती घरात फिरू लागली की आजोबा खोकत वाड्याच्या जोत्यावर जाऊन बसायचे. धूप बंद कर, असं त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता हे एक, आणि वास त्यांनाही आवडायचा हे दुसरं. अडचण फक्त धुराची होती.

ते विजेच्या वस्तू दुरुस्त करत. जुन्या इस्त्रीत तापणारी तार अभ्रकाच्या पानावर गुंडाळलेली असे, कारण अभ्रक उष्णतेने जळत नाही आणि त्यातून वीजही वाहत नाही. निखाऱ्यावर असं पान ठेवलं तर ऊद जळणार नाही, नुसता तापेल, हे त्यांच्या डोक्यात आलं. लाल निखारा सहाशे-सातशे अंशांच्या पुढे असतो. त्यावर पडलेला ऊद लगेच जळू लागतो, दाट धूर येतो आणि मागे कडवट जळका वास राहतो. सुगंध देणारी द्रव्यं त्याच्या कितीतरी आधी, मंद आचेवरच उडून येतात. म्हणजे आजी जो घरभर फिरवत होती तो बराचसा जळून वाया गेलेला ऊदच होता. हे आजोबांनी तिला ऐकवलं तेव्हा ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही म्हणे.

तिसऱ्या दिवशी मात्र धुपाटणं पिशवीत घालून ती स्वतःच कसब्यातल्या तांबट आळीत गेली. आपले बंब, घंगाळी, हंडे सगळे तिथलेच. पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन केलेलं ते मठारकाम तुला आतल्या तांब्याच्या वाटीवर दिसेल. वाटी खोल करून घेतली ती राखेसाठी, आणि कडं बसवलं अभ्रकासाठी. पितळी दांडीला लाकडी मूठ तेव्हाच लागली, त्याआधी आजी पदराने धरायची. बुडाची भोकं पाहिलीस ना? त्यातली निम्मी रिव्हेट मारून बुजवली आहेत. वारा कमी लागला की निखारा सावकाश जळतो.

आता गंमत बघ. आजोबांना पत्ता नव्हता, पण तू राहतेस त्या देशात हेच कित्येक शतकं चाललं आहे. पंधराव्या शतकात तिथे कोदो म्हणून सुगंधाची कला आकाराला आली. त्यात कोरोमध्ये, म्हणजे धूपाच्या भांड्यात, पांढरी राख भरतात, पेटलेला छोटा कोळसा तिच्यात पुरतात, वर राखेचा शंकू करून मधोमध आच वर येण्यापुरतं भोक पाडतात आणि भोकावर अभ्रकाची चकती ठेवतात. चकतीवर अगरूचा नखाएवढा तुकडा. धूर जवळजवळ नाहीच. नाराला, पूर्वी तोदाइजी मंदिराच्या असलेल्या खजिन्यात, रांजाताई नावाचा अगरूचा ओंडका आहे, १५७४ मध्ये ओदा नोबुनागाने त्याचा तुकडा कापून घेतला होता. एवढ्या मोठ्या सरदाराला लाकडाच्या तुकड्याचा मोह पडावा! आणि तुमच्याकडच्या धूपवाल्यांना चंदनांमध्ये जुनं म्हैसुरी चंदन फार प्रिय, तेव्हा आपण अगदीच परके नाही.

त्यामुळे सामानाची चिंता नको. बुद्धाच्या देव्हाऱ्याचं सामान विकणाऱ्या दुकानात राख, कोरोचा कोळसा आणि अभ्रक तिन्ही मिळतील. चकती फुटली तर तिथलीच घे, हल्लीच्या इस्त्रीतली काढू नकोस. त्यात अभ्रक असलंच तर भुगा चिकटवून केलेलं पान असतं आणि तापलं की चिकटवणीचाच वास येतो. काडी लावताच पेटणारे गोल कोळसेही नकोत, त्यात सोरा असतो. राख मात्र जीव लावून कर. आजी बंबातली राख वस्त्रगाळ करून डब्यात भरून ठेवायची, ओलसर वाटली तर उन्हात घालायची. दमट राखेत कोळसा विझतो आणि दाबून भरलेल्या राखेत गुदमरतो. कोळशावर पांढरी साय धरल्याशिवाय त्याला पुरू नकोस. वास जळका आला तर राख वाढव, आलाच नाही तर थोडी बाजूला सार. सगळी कला एवढीच आहे, पण हाताला कळायला वेळ लागतो.

सोबतच्या पुड्यांत चंदनाचा भुगा, ऊद आणि सातपुड्यातल्या सालईचा डिंक आहे. ऊद-डिंक ज्वारीच्या दाण्याएवढाच घे, वितळून चकतीला चिकटला तर गार झाल्यावर स्पिरिटने पूस. गुग्गुळ मुद्दाम पाठवला नाही. ती झुडपं चिरून चिरून संपत आली आहेत. कापूर निखाऱ्याच्या आसपासही नको, भडका उडतो.

आता मुख्य गोष्ट. तुझी आई, आमची ताई, तुझ्या बाळंतपणाला येते आहे आणि बाळाला धुरी द्यायला धुपाटणं हाताशी आहे म्हणून ती खूश आहे. आपल्याकडे बाजेखाली शेगडी ठेवून ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणीची सालं टाकत, त्यावर टोपली पालथी घालून दुपटी वाळवत, बाळंतिणीचे केस सुकवत. ते कौलारू घर होतं, वारा फटीफटीतून यायचा. तुमचा फ्लॅट घट्ट बंद. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो. अभ्रकाने धूर थांबतो, हा वायू थांबत नाही. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना तर साधा धूरही सोसत नाही. बाळाच्या खोलीत धुपाटणं न्यायचं नाही, आणि एरवीही खिडकी उघडी ठेवूनच वापरायचं. वायूचा इशारा देणारं यंत्र आधीच बसवून घे.

ताई ऐकणार नाही, मला माहीत आहे. तिला सांग, मावशीने डॉक्टरांना विचारून लिहिलं आहे, आणि मी खरंच विचारलं आहे. ओवा-बाळंतशोपा तिच्या बॅगेत वेगळे बांधून देते. ते जेवणानंतर तू चावून खायचे.

तुझी,
सुमामावशी