कॅम्पातलं पॅटिस, घरातली मुरड

बेळगावात घरातला पुरुष 'जरा कॅम्पात जाऊन येतो' म्हणाला की त्याचे दोन-तीन अर्थ निघतात. कुणाला तरी भेटायचं असेल, मुलांच्या शाळेत काम असेल, नाहीतर बेकरीसमोर उभं राहून गरम मटण पॅटिस खायचं असेल. आमच्या घरात बरीच वर्षं हा तिसरा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणी बोलत नव्हतं. माझं सासर कन्नड आणि शाकाहारी. माहेर निपाणीचं, मराठी, आणि तिथं रविवार म्हणजे मटण. दोन्हींच्या मधे हा कॅम्प.

इंग्रजांनी १८१८ साली बेळगावचा किल्ला घेतला. पुढे छावणी वसली आणि छावणीबरोबर पावाच्या भट्ट्याही आल्या. गोवा जवळ, त्यामुळे तिकडची ख्रिस्ती कुटुंबंही इथं स्थायिक झाली. पॅटिस आपल्याकडे आलं ते या वाटांनी. त्याचे पापुद्रे पाहून आपण 'बेकरीवाल्यालाच जमावं' म्हणतो, पण दिवाळीत साट्याची करंजी करणाऱ्या बाईला त्यात नवल वाटायला नको. लाटायचं, तूप फासायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. युक्ती तीच.

या पॅटिसची एक साधी, धट्टीकट्टी बहीण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये आहे. तिला पेस्टी म्हणतात. मांस, बटाटा, कांदा आणि सलगमाच्या जातीचा एक कंद कच्चाच चिरून कणकेच्या गोल पारीत भरतात, अर्धचंद्रासारखी दुमडून कडेला मुरड घालतात आणि मंद आचेवर भाजतात. कथिलाच्या खाणीत उतरणाऱ्या कामगारांची ही शिदोरी. कुणाची कोणती ते कळावं म्हणून बायका पेस्टीच्या टोकाला नावाचं आद्याक्षर उमटवत. हे खाणकामगार जगभर गेले. मेक्सिकोतल्या हिदाल्गो प्रांतात एकोणिसाव्या शतकात गेले, तिथं आजही 'पास्ते' विकतात. आपल्या राज्यात कोलारच्या सोन्याच्या खाणींवरही कॉर्नवॉलचे लोक होते. त्या खाणी २००१ साली बंद झाल्या. युरोपीय संघाने २०११ साली 'कॉर्निश पेस्टी' या नावाला संरक्षण दिलं. म्हणजे त्या नावाने विकायची तर ती कॉर्नवॉलातच केलेली हवी. आपण घरात करून खाणार, आपल्याला कोण विचारतो!

मी भाषा शिकवते, त्यामुळे पदार्थाआधी त्याचा शब्द चाखायची खोड आहे. आपली करंजी ती कन्नडमध्ये कर्चीकाई. तळलेला कडबू तो करिगडबु. पारीच्या पिठाला आपण कणीक म्हणतो, ते म्हणतात कणक. आपलं पुरण त्यांचं हूरण. जुन्या कन्नडातल्या 'प'चा पुढे 'ह' झाला, 'पाल्'चं 'हालु' झालं, तसंच हे. बटाटा पोर्तुगिजांकडून आला, तो इथल्या कन्नडात बटाटी झाला. तेव्हा कणीक, पुरण आणि मुरड एवढं ज्या घरात आहे त्या घरात पेस्टी शिकवायला परदेशातून कुणी यायला नको.

आता कृती. पाव किलो मैद्याला निम्मं, म्हणजे सव्वाशे ग्रॅम, थंड लोणी किंवा गोठलेलं तूप. बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करायचं, मीठ घालायचं आणि गार पाण्याने जेमतेम गोळा होईल एवढंच मळायचं. चपातीसारखं तिंबलं की चिवट होतं. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचा.

बटाटा जवारी घ्यावा. बेळगावच्या बाजारात इंदूर आणि जवारी असे दोन्ही मिळतात, त्यात आपल्या तांबड्या मातीतला जवारी चवीला उजवा. हे माझं मत, इंदूरवाल्यांनी रागावू नये. बटाटा उकडायचा मात्र नाही. उकडला की आत वड्याचं सारण होतं. कच्च्याच्या पातळ काचऱ्या करायच्या, त्या मांसाच्या आणि कांद्याच्या वाफेवर आतच शिजतात आणि रस धरून ठेवतात. तिकडे बीफ असतं, आपण बोकडाचं बिनहाडाचं मटण हरभऱ्याएवढं बारीक तोडून घ्यायचं. बोकड शिजायला वेळ लागतो म्हणून मी ते मीठ-हळद लावून आधी अर्धवट शिजवून कोरडं करते. त्या कंदाऐवजी नवलकोल छान लागतो. मिरपूड हवीच, आणि चिमूटभर संकेश्वरी मिरचीची पूड. भरून, मुरड घालून, वर दोन चिरा द्यायच्या म्हणजे वाफ बाहेर पडते. ओव्हन दोनशे अंशांवर वीस मिनिटं, मग एकशेसाठवर अर्धा-पाऊण तास. ओव्हन नसेल तर दिवाळीच्या नानकटाईचे ट्रे नेतो तसे बेकरीच्या भट्टीवर न्यावेत, पण आधी विचारून.

हे सगळं लिहायला सोपं. आमच्या स्वयंपाकघरात मटण येणं सोपं नव्हतं. लग्नानंतर वीस वर्षं ते आलं नाही आणि मी मागितलंही नाही. अण्णा निपाणीहून यायचे, लेकीच्या घरचं पिठलं-भाकरी आनंदाने जेवून जायचे. मग मुलगा शिकायला बेंगळुरूला गेला. सुट्टीत आला की दोन वेळा कॅम्पात. एका संध्याकाळी तो निघाला तेव्हा अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ''होरग तिन्नूदु मन्याग तिन्लि.'' बाहेर खातो ते घरात खाऊ दे. आमचे हे पेपरातून वर बघायलाही तयार नव्हते. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा तेच सांगितलं.

अटी होत्या, आणि त्या रास्त होत्या. मटणाची भांडी वेगळी, ती परसात धुवायची. ट्रे वेगळा. त्यांचा ट्रे ओव्हनमध्ये आधी. ''नंदु ताट ब्यारे इरली,'' हे शेवटचं. त्यांच्या पेस्टीत बटाटा, नवलकोल, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं. आता दोन्ही दिसायला सारख्या, तर ओळखायच्या कशा? तोडगा त्यांनीच काढला. त्यांच्या पेस्टीला हाताची मुरड, मटणाच्या पेस्टीची कड कातण्याने कापलेली. कॉर्नवॉलच्या आद्याक्षरांची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा म्हणाल्या, बरोबरच आहे, लिहिता येणाऱ्या बायका लिहितात.

त्यांची मुरड बघण्यासारखी असते. नजर कमी झाली आहे, तरी अंगठा आणि तर्जनी आपोआप चालतात, एकेक चुणी गव्हाच्या दाण्याएवढी. मराठीत आपण मनालाही मुरड घालतो. काही घरांत गौरी निघताना मुरडीचे कानवले करतात, तिने परत वळून यावं म्हणून. हे मी त्यांना कन्नडात समजावू लागले तर त्यांना आधीच माहीत होतं. अजून त्या मटणाच्या ट्रेला हात लावत नाहीत. पण कातण्याची कड नीट चिकटली नसेल तर लांबूनच बोट दाखवतात.

पेस्टी गार झाली तरी चांगली लागते, म्हणून प्रवासाला उत्तम. गेल्या महिन्यात मी डबा घेऊन निपाणीला निघाले. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट, बसच्या खिडकीतून हीच नावं कधी कन्नड अक्षरांत दिसतात, कधी मराठी. डब्यात अण्णांसाठी कातण्याच्या चार, आणि वर केळीच्या पानात गुंडाळलेल्या मुरडीच्या दोन. त्या अत्तींनी माझ्या आईसाठी दिल्या होत्या, कारण त्या दिवशी आईचा गुरुवार होता. अण्णांचे दात आता थोडेच उरलेत, त्यांनी दीड पेस्टी सावकाश चावून खाल्ली. लेकीच्या घरचं मटण ते पहिल्यांदाच खात होते, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. मिरी जरा जास्त झाली, एवढंच म्हणाले. आईने मुरडीची पेस्टी हातात धरून कड फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, ''विहीणबाईंना अजून दिसतं होय गं?''

डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. आईने त्यात संकेश्वरी मिरच्या भरून दिल्या, देठासकट.