गिरडचे गोटे आणि माझी अम्मी

गेल्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अम्मीला बंगळुरूला सोडायला गेलो. अम्मीचा हा पहिलाच विमानप्रवास. वर्धेहून नागपूरचं विमानतळ सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, म्हणजे गाडीने दीड तास. पण मी तयारी आठवडाभर आधी सुरू केली होती. तयारी म्हणजे काय, तर आदल्या रात्री अम्मीचं सामान मीच तपासलं.

खोबऱ्याच्या वाट्या काढल्या. सुकं खोबरं तेलकट, पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. तुपाचा डबा मोठ्या बॅगेत टाकला, कारण हातातल्या सामानात पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरच्या वर नेता येत नाहीत. अडकित्ताही मोठ्या बॅगेत. इथवर सगळं नियमाप्रमाणे होतं. मग पर्समधून तस्बीह काढली आणि तीही मोठ्या बॅगेत टाकली. तस्बीहला कुठल्याच नियमात बंदी नाही. अब्बांची जाळीची टोपी ती आठवण म्हणून जवळ बाळगते, तीही काढली. मग तिला म्हणालो, "अम्मी, वहां लाइन में दुआ ज़ोर से मत पढ़ना." ती डिंकाचे लाडू डब्यात रचत होती. हात न थांबवता म्हणाली, "क्यों? उनको नहीं आती क्या?"

असा मी का वागलो, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाने एका मोठ्या शहरात गेलो होतो. परतताना तिथल्या विमानतळावर रांगेतून मला बाजूला घेतलं. बॅग दोनदा रिकामी केली, लॅपटॉप सुरू करायला लावला. "वर्धा में क्या करते हो? यहां किससे मिले?" असे प्रश्न झाले. बरोबरचे दोन सहकारी पलीकडे उभे राहून मोबाइल बघत होते, म्हणजे माझ्याकडे बघत नव्हते. वीस मिनिटांनी सोडलं. कोणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. तक्रार करावी तर लिहायचं काय? मला दाढीमुळे थांबवलं, की बोर्डिंग पासवरच्या 'शेख'मुळे, की खरोखर दर अमुक माणसांमागे एकाला थांबवतात त्यात माझा नंबर आला, हे मला आजही माहीत नाही. अपमान झाला असं छातीठोक सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पुढच्या प्रवासाआधी मात्र मी दाढी बारीक केली. बायकोला सांगितलं, उन्हाळा आहे.

तपासणी हवीच, यात मला शंका नाही. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ पळवून कंदाहारला नेलं. त्यानंतर राज्य पोलिसांकडची विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. सुरुवात २००० साली जयपूरपासून झाली. त्या विमानात आपल्यापैकी कोणीही असू शकलं असतं. पण या तपासणीचं ओझं सगळ्यांच्या खांद्यावर सारखं पडत नाही, एवढंच. सुधा चंद्रन या नर्तिकेला दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागायचा. २०२१ मध्ये त्यांनी व्हिडिओ करून थेट पंतप्रधानांना विनंती केली, तेव्हा दलाने माफी मागितली. शाहरुख खानला २००९ मध्ये नेवार्कला अडवलं, नंतरही अमेरिकेत अडवलं. २०१६ ला लॉस एंजेलिसला थांबवलं तेव्हा त्याने ट्विट केलं की वाट बघता बघता चांगले पोकेमॉन सापडले. माजी राष्ट्रपती कलाम यांची तर २००९ मध्ये दिल्लीतच एका अमेरिकन विमान कंपनीच्या लोकांनी झडती घेतली. नियमाने त्यांना सूट होती. ते काही न बोलता सामोरे गेले. आमच्या घरी कलामांचा हा किस्सा 'मोठा माणूस' म्हणून सांगतात. मला मात्र नेहमी वाटतं, सवलत असताना गप्प राहणं वेगळं आणि नसताना गप्प राहणं वेगळं.

तर नागपूर. अम्मी बायकांच्या रांगेत गेली. गळ्यातल्या तावीजची पेटी चांदीची, यंत्र वाजलं. तिला पडद्याआड नेलं. मी बूट हातात धरून पलीकडे उभा. बराच वेळ झाला, निदान मला तसं वाटलं. अम्मी बाहेर आली ती त्या जवान मुलीशी बोलतच. मुलगी हरियाणाची, लग्न मार्चमध्ये, हे सगळं तिला कळलं होतं.

तेवढ्यात पट्ट्याच्या टोकाकडून आवाज आला, "ये पर्स किसका है?"

पर्समध्ये रुमालात बांधलेले सात-आठ गोल गोटे होते. माझ्या झडतीतून ते सुटले होते, कारण रात्री मी झोपल्यावर तिने ठेवले. गिरडचे गोटे. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदचा दर्गा आहे. तिथे जायफळा-सुपारीएवढे गोल गोटे सापडतात. भूगर्भवाले त्यांना झिओलाइट म्हणतात. लोक सांगतात, दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची चेष्टा केली, तेव्हा त्यांचे नारळ आणि सगळा माल दगड झाला. हिंदू-मुसलमान सगळेच हे गोटे घरी नेतात. अम्मीने नातवंडासाठी घेतले होते.

"ये क्या है?" जवानाने विचारलं. मला सरळ उत्तर देता येईना. 'पत्थर' हा शब्द माझ्या नावाच्या माणसाने चारचौघांत उच्चारायचा म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना सांगायला नको. मी "वो... धार्मिक..." असं काहीतरी पुटपुटलो. अम्मी शांतपणे म्हणाली, "पत्थर हैं, बेटा. बाबा फरीद के." आणि व्यापाऱ्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली. रांग अडली. मागच्या नऊवारीतल्या आजी पुढे वाकून म्हणाल्या, "गिरडचे हायेत का जी? आमच्या देव्हाऱ्यात बी हाय."

जवानाने एक गोटा हातात घेऊन फिरवला, साहेबाला दाखवला. साहेबाने रुमाल पुन्हा मशीनमधून फिरवला आणि मान हलवली. सगळं मिळून चार मिनिटं. घाम मला आला होता, अम्मीला नाही.

बसल्यावर तिने पर्समध्ये हात घातला, थोडं चाचपलं आणि माझ्याकडे पाहिलं. तस्बीह कुठे आहे, हे तिने विचारलं नाही. बोटांच्या पेरांवर मोजत ती पढू लागली. विमान धावायला लागलं तेव्हा सफरची दुआ तिने नेहमीच्याच आवाजात म्हटली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पलीकडच्या सीटवरचा तरुण कानात हेडफोन घालून झोपला होता.

बंगळुरूला बहिणीने बॅग उघडली. लाडू, तूप, अडकित्ता निघालं.

"अम्मी, खोपरा नहीं लाए?"

अम्मीने रुमाल सोडून गोटे तिच्या हातावर ठेवले. "लाई थी बेटा. तेरे भाई की वजह से रास्ते में पत्थर हो गया."