ताळा

संमतिपत्रावर सही करावयाची वेळ आली आणि आमचा हात थबकला. दिल्लीच्या सरकारी कचेरीत टिपणांखाली आद्याक्षरे करण्यात आमची बारा वर्षे गेली. परंतु हा कागद आमच्या अण्णांच्या पाठीच्या कण्याचा होता.

त्यांच्या कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता. मणक्याच्या मागील अंगास असलेल्या दोन अरुंद हाडी खांबांतून स्क्रू घालावयाचे व ते सळईने जोडावयाचे, असे ठरले. खांबांतून स्क्रू घालण्याची रीत पॅरिसच्या रॉय-कामीय यांनी १९६३ पासून वापरात आणली. खांबाला लागूनच मज्जातंतूंचा मार्ग जातो. काही मिलिमीटर वाट चुकली, तर पाय कायमचा दुबळा होण्याचे भय.

आता ह्या कामी यंत्राचे डोळे आले आहेत. मणक्याला एक लहान चौकट घट्ट बसवतात. तिच्यावर आणि हत्यारांवर चकाकणारे गोळे असतात. दोन भिंगांचा कॅमेरा अवरक्त प्रकाशात त्यांच्यावर नजर ठेवतो, आणि हत्याराचे टोक हाडात कोठे पोहोचले ते सी.टी.च्या चित्रावर क्षणोक्षणी उमटते. मध्ये कोणी उभे राहिले, तर कॅमेऱ्याची दृष्टी तुटते. ते निदान कळते तरी. परंतु चौकटीलाच धक्का लागला, तर यंत्र चुकीची जागाही तितक्याच ठामपणे दाखवते. चुकीचा संदर्भ क्रमांक पडलेली फाइल आम्ही पाहिली आहे. तिच्यातील पुढचा सारा पत्रव्यवहार बिनचूक असूनही व्यर्थ असतो!

हे सारे ऐकून अण्णांनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारले, "डॉक्टरसाहेब, ताळा कोण करतं?" सातारा जिल्ह्यात तीस वर्षे गणित शिकवलेल्या मास्तरांचा तो प्रश्न. डॉक्टरांना 'ताला' म्हणजे कुलूप वाटले व ते गोंधळले. आम्ही उलगडा केला, तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "मीच करतो. हाडावरच्या ओळखीच्या जागी टोक टेकवायचं. पडद्यावरही ते तिथंच दिसलं, तरच पुढं जायचं. नाही दिसलं, तर पुन्हा पहिल्यापासून."

अण्णा आमच्याकडे वळले. "कर सही," ते म्हणाले.

आम्ही सही केली.

आज अण्णा सकाळी दूध आणावयास स्वतः जातात. डाव्या पावलातील बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. घरी आल्यावर उरलेली मोड टेबलावर ठेवतात, आणि ती दोनदा मोजतात.