ब्लॉग गेला, आता वाचक कुठे न्यायचे?

मंडळी, गेल्या महिन्यात माझा ब्लॉग बंद झाला. मी केला नाही, कंपनीने केला. "नियमभंग" एवढंच इंग्रजीत कळवलं. कुठला नियम, कुठली पोस्ट, काही नाही. तीनदा दाद मागितली, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. तलाठी ऑफिसात निदान उभं राहून भांडता तरी येतं. इथे दारच नाही.

माझ्या लेखांचं एवढं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दापोली-मंडणगड झोडपून गेलं. आपल्या मुरुडात माड, पोफळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. रेंज मिळेल तिथे जाऊन मी बागांचे फोटो तारखेसकट टाकत होतो. पुढे फोन बदलला, मूळ फोटो गेले. ब्लॉगवर आहेत म्हणून निर्धास्त राहिलो, ही चूक माझीच.

परवा एक बागायतदार काका आले. बांधाचा वाद आहे, जुने माड कुठे होते ते दाखवायचंय. "तुझ्या ब्लॉगवर होता ना रे फोटो?" काय सांगणार त्यांना?

आता जो तो सुचवतोय, इकडे ये, तिकडे ये. पण भरवसा कुणाचा धरायचा? ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. देशी म्हणून लोक 'कू'वर गेले, तेही जुलै २०२४ मध्ये गुंडाळलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, तेव्हा चिडून बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले. ती रचना मला पटते. एकच मालक नाही, सर्व्हर कुणीही चालवू शकतो, न पटल्यास फॉलोअर घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. तरी त्यातले बरेच परतले, कारण वाचणारे जुन्याच जागी होते. मीसुद्धा हे इथेच लिहितोय ना! ह्या कंपनीवर विश्वास आहे म्हणून नाही, सकाळी चहाच्या वेळी तुम्ही इथे असता म्हणून.

स्वतःचं डोमेन घेतलंय. लेख आधी तिथे, मग इथे लिंक. लिंक किती जण उघडतात ते मला माहीत आहे, रागावत नाही.

एक काम करा. निसर्गच्या वेळचे माझे फोटो कुणी उतरवून घेतले असतील तर द्या. व्हॉट्सॲपवर मात्र नको, फोटो बारीक होतो आणि आतली तारीखही जाते. पेन ड्राइव्ह घेऊन या. संध्याकाळी घरीच असतो.