आजोळी, एकटीने

शुक्रवारी रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेसने निघाले. आजवर कुडाळला गेले ती आईसोबतच. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली; त्याआधी आई याच आजोळवाटेवर रात्रभर एसटीत बसायची.

सकाळी मामा स्टेशनवर होता. "दमलंस गो?" मामीने घावणे आणि नारळाचा रस पुढे केला. भावंडं, शेजारची काकू, सगळी भेटली. पण मन अडकलं ते आजीपाशी. आई असली की त्या दोघींच्या गप्पा चालतात, मी बाजूला. या वेळी दुपारी कुळीथ निवडताना ती माझ्याशी बोलली. सातवीची फायनल ती पास झाली होती. तेव्हा तेवढ्यावर मास्तरकी मिळायची. वडिलांनी पाठवलं नाही, लग्न लावून दिलं. हे सांगताना तिचा आवाज स्थिर होता. माझा मात्र उत्तर देताना फुटेना. इतकी वर्षं मी तिला फक्त आजी म्हणूनच पाहिलं, याचं फार वाईट वाटलं.

रविवारी संध्याकाळी परतीची गाडी. पिशवीत आगळ, कुळथाचं पीठ.

आज घरी पोहोचल्यावर आईला विचारलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. दिवाळीत आम्ही दोघी जाणार आहोत, आजीला आणखी विचारायला.