मणिबेली : एका टिपणाची परीक्षा

२०२० सालच्या साथींत सारें कुटुंब घरांत कोंडलें असतां आमच्या थोरल्या बंधूंनीं एक टिपण तयार केलें होतें. पुन्हां असा प्रसंग ओढवला तर शहर सोडून कोठें राहावें, याचा त्यांत विचार होता. बारमाही पाणी, पिकाऊ जमीन, सरपण, शहरापासून अंतर अशा त्यांच्या कसोट्या. अशी चर्चा त्या दिवसांत पुष्कळ सुशिक्षित घरांतून झाली असेल. पुढें नंदुरबार जिल्ह्यांतील मणिबेलीस जाण्याचा योग आला, तेव्हां तें टिपण मीं मुद्दाम बरोबर नेलें.

जुन्या मणिबेलीला ह्या कसोट्यांत पैकींच्या पैकीं गुण द्यावे लागतील. सातपुड्याच्या उतारावर, नर्मदेच्या कांठीं वसलेलें हें आदिवासींचें गांव. शेतांत ज्वारी, मका, तूर, उडीद, नदींत मासळी, रानांत मोह, चारोळी, बांबू. मोहाचीं फुलें वाळवून ठेवलीं कीं अडचणीच्या दिवसांत तीं धान्याची उणीव भरून काढीत. देशावर ज्याला इर्जिक म्हणतात तशी एकमेकांच्या शेतांत राबण्याची चाल येथेंहि आहे. मजुरी द्यावयाची नाहीं, जेवूं घालावयाचें. बंधूंच्या टिपणांत शेजाऱ्यांचा रकानाच नव्हता. तो मीं तेथें बसून पेन्सिलीनें वाढविला.

आणि तरी हें गांव बुडालें! सरदार सरोवराचें धरण येथून थोडेंच खालीं, गुजरातच्या हद्दींत आहे. महाराष्ट्रांतील ३३ गांवें त्याच्या पाण्याच्या कक्षेंत आलीं. त्यांत पहिली पाळी मणिबेलीची. १९७९ च्या लवादानें जमिनीबद्दल जमीन द्यावयाचें ठरविलें होतें खरें. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पुष्कळ जमीन सरकारी दप्तरांत वन म्हणून नोंदलेली, तेव्हां कसणारा अतिक्रमण करणारा ठरला. १९९१ पासून पावसाळ्यांत येथें सत्याग्रह झाले. जागतिक बँकेचें उरलेलें कर्ज १९९३ सालीं सोडून द्यावें लागलें, १९९४ सालीं तर मोठ्या धरणांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला ह्याच गांवाचें नांव दिलें गेलें. पाणी मात्र चढतच राहिलें. कांठचें शूलपाणेश्वराचें देऊळ त्यांत गेलें. २०१९ च्या सप्टेंबरांत जलाशय १३८.६८ मीटरांपर्यंत, म्हणजे कांठोकांठ, भरला.

मागें राहिलेल्यांनीं घरें वर डोंगरावर नेलीं. पूर्वीं जेथें पायीं जात तेथें आतां होडी लागते. आमचे बंधु घरांत बसून टिपण लिहीत होते त्याच वर्षीं, शेजारच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे लहान मुलें व गरोदर स्त्रिया यांच्यासाठीं आहार घेऊन दररोज सुमारें १८ किलोमीटर होडी वल्हवीत होत्या.

परतल्यावर टिपण बंधूंच्या हातीं दिलें. वाढविलेले रकाने आतां तीन झाले होते : शेजारी कसे, जमीन कागदोपत्रीं कोणाची, आणि नदीवर हुकूम कोणाचा. त्यांनीं तें दोनदां वाचलें, मग चष्मा कपाळावर सारून विचारलें, “तिकडे वरच्या अंगाला दोन एकर मिळतील का रे?”

“नाहीं, दादा. आदिवासींची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय आपल्याला घेतां येत नाहीं,” मीं म्हटलें. “आणि ती परवानगी मिळूं नये, असेंच मला वाटतें.”

वहिनी हंसल्या. दादांनीं टिपण घडी करून पंचांगांत ठेवलें.